बेताचे गुण आणि कामाची पदवी

बारावीचा निकाल लागला की दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांत काही मुलांची छायाचित्रे येतात. पेढा भरवणारी आई, शेजारी संकोचाने उभे असलेले वडील आणि 'मला अमुक व्हायचे आहे' असे ठामपणे सांगणारा मुलगा. ही छायाचित्रे पाहून मला आनंद होतो. परंतु त्याच सकाळी लक्षावधी घरांत पेढ्यांचा पुडा आणावा की नाही, असा प्रश्न पडलेला असतो, त्या घरांची आठवणही होते. मुलगा नापास झालेला नसतो, पहिला आलेला नसतो. पन्नास ते साठ टक्क्यांच्या मधल्या त्या ऐसपैस प्रदेशात तो उभा असतो, आणि त्या प्रदेशाचा नकाशा सहसा कोणी काढीत नाही. आज मी बोलणार आहे तो ह्या मुलाविषयी. मुलगा म्हणताना मुलगीही अभिप्रेत आहे, हे एकदाच सांगून ठेवतो.

यंदा असाच एक मुलगा आमच्या शेजारी निघाला. त्याचे वडील गुणपत्रिका घेऊन संध्याकाळी माझ्याकडे आले. "तुम्ही सरकारात आहात, मुलाखती घेता, जरा बघा," असे म्हणून त्यांनी कागद पुढे केला. एकूण छप्पन्न टक्के. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित आणि जीवशास्त्र, असे चारही विषय मुलाने ठेवलेले. म्हणजे अभियांत्रिकी आणि वैद्यक ह्या दोन्ही दारांशी उभे राहण्याची घरची तयारी होती, आणि दोन्ही दारे लागली होती. वडिलांच्या सेवानिवृत्तीला चार वर्षे उरलेली. चार वर्षांत मुलगा पायावर उभा राहिला पाहिजे, असे ते म्हणाले नाहीत, पण "अभ्यासक्रम किती वर्षांचा असतो?" हा प्रश्न त्यांनी तीनदा विचारला.

मी स्वतः कलाशाखेचा एम.ए. विज्ञानावर बोलण्याचा मला अधिकार कोणता, असे कोणी विचारले तर एवढेच सांगेन की, नोकरीच्या निमित्ताने निवडसमित्यांवर बसून विज्ञानाचे शेकडो पदवीधर मी समोरून पाहिले आहेत. एका समितीत प्रयोगशाळा सहायकाची जागा भरावयाची होती. विषयतज्ज्ञ सभासद प्रत्येकाला एकच प्रश्न विचारीत होते: कॉस्टिक सोड्याचे दशांश नॉर्मल द्रावण कसे तयार कराल? बहुतेकांचे उत्तर एकच. चार ग्रॅम कॉस्टिक सोडा तोलावयाचा आणि पाण्यात विरघळवून एक लिटर द्रावण करावयाचे. मला ते उत्तर पूर्ण बरोबर वाटत होते. दुपारनंतर एक उमेदवार आला. गुणपत्रिका इतरांहून कमीच होती. तो म्हणाला, "साहेब, चार ग्रॅम तोलता येतात, पण ते चार ग्रॅम कॉस्टिकच असते असे नाही. तोलता तोलता ते हवेतला ओलावा ओढते, कार्बन डायऑक्साइडही घेते. म्हणून अंदाजाने थोडे जास्त घ्यायचे, आणि मग ऑक्झॅलिक आम्लाच्या द्रावणाशी ताडून खरी शक्ती काढायची." तज्ज्ञांनी लेखणी खाली ठेवली. त्या दिवशी मला कळले की, एकाच पदवीत दोन प्रकारची माणसे असतात. एकाने वाक्य पाठ केलेले असते. दुसऱ्याच्या तराजूतली ढेप त्याच्या डोळ्यांदेखत ओली झालेली असते.

बेताच्या गुणांच्या विद्यार्थ्याने उपयोजित विज्ञानाकडे वळावे काय, ह्या प्रश्नाचे निम्मे उत्तर ह्या प्रसंगात आहे. परंतु निम्मेच. कारण 'बेताचे गुण' हा एकच रोग नव्हे. कोणाचे गणित कच्चे असते, कोणाचे इंग्रजी. कोणी तीन तासांत लिहून संपवू शकत नाही. कोणाला मुळात विज्ञान नकोच होते, शेजारच्याने घेतले म्हणून घेतले. ह्या शेवटच्या मुलाला शेतकी किंवा दुग्धशास्त्राच्या वर्गात बसवून काही साधणार नाही. त्याला इतिहास किंवा वाणिज्य घेऊ द्यावे. आणि 'प्रात्यक्षिक' विषय म्हणजे सोपा विषय, हा जो एक समज घरोघरी आहे, तो तर घातकच होय. शेतकीच्या चार वर्षांत आनुवंशशास्त्र, जीवरसायन, संख्याशास्त्र, मृदाशास्त्र हे सारे येते. फरक इतकाच की, त्यातले बरेचसे वहीच्या बाहेर, मातीत किंवा परीक्षानळीत समोर दिसते, आणि दिसल्यावर ज्यांना समजते अशी पुष्कळ मुले असतात. त्यांना भौतिकशास्त्राच्या सिद्धतांनी मंद ठरवलेले असते.

विज्ञान हे धंद्याच्या वाटेने शिकवावे, ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने १८९० साली कलाभवन सुरू झाले, त्यामागे प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर ह्या रसायनशास्त्रज्ञाची दृष्टी होती. रंगारीकाम, विणकाम, यंत्रकाम असे विषय तेथे शिकवीत, आणि शक्य तितके देशी भाषेतून शिकवीत. कापडाला रंग धरतो कसा, ह्या प्रश्नापासून रसायनाचा आरंभ. दादासाहेब फाळके मुंबईच्या कलाशाळेतून ह्याच कलाभवनात गेले होते. गज्जरांचे नाव मुंबईत सर्वतोमुखी झाले ते मात्र एका पुतळ्यामुळे. १८९६ साली राणी व्हिक्टोरियाच्या संगमरवरी पुतळ्यावर कोणी डांबर ओतले. तो डाग भल्याभल्यांना निघेना, तो गज्जरांनी काढला. पुढे १९०७ साली बडोद्यास अलेम्बिक हा औषधांचा कारखाना निघाला, त्याच्या संस्थापकांत गज्जरांच्या बरोबरीने कोटिभास्कर ह्या मराठी गृहस्थांचे नाव आहे. कोठारी आयोगाने १९६४ ते १९६६ ह्या काळात कार्यानुभवाचा आग्रह धरला, २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही व्यावसायिक शिक्षणाचा पुरस्कार केला. गज्जरांनी ते त्याआधी कितीतरी वर्षे करून पाहिले होते.

आता शुद्ध विज्ञानाची पदवी आणि उपयोजित विज्ञानाची पदवी ह्यांतील अंतर पाहू. रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. होणे ह्यात उणेपणा काहीच नाही. तथापि ती पदवी म्हणजे जिन्यातील मधला चौक आहे. तेथून एम.एस्सी., पुढे संशोधन, असे चढत जावयाचे असते. चढण्याची ऐपत, गुणांची आणि पैशांची, ज्याच्याकडे आहे, त्याने खुशाल ती वाट धरावी. परंतु जो तीन वर्षांनी थांबणार, तो चौकातच उभा राहतो, आणि तेथे दार नसते. हे मी अलंकारिक बोलतो आहे असे वाटेल, म्हणून नियमाचेच उदाहरण देतो. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा २००६ चा; त्याखालील २०११ च्या नियमांत अन्न सुरक्षा अधिकाऱ्याच्या पदासाठी जी अर्हता दिली, तीत अन्नतंत्रज्ञान, दुग्धतंत्रज्ञान, जैवतंत्रज्ञान, तेलतंत्रज्ञान, कृषिविज्ञान, पशुवैद्यक, जीवरसायन, सूक्ष्मजीवशास्त्र ह्यांची पदवी चालते असे म्हटले; रसायनशास्त्राची मात्र पदव्युत्तर पदवी मागितली. म्हणजे शेजारी शेजारी बसणाऱ्या दोन विद्यार्थ्यांपैकी सूक्ष्मजीवशास्त्राचा पदवीधर अर्ज करू शकतो, आणि रसायनाचा पदवीधर, त्याचे गुण अधिक असले तरी, दोन वर्षे आणखी शिकल्यावाचून करू शकत नाही.

ह्यावरून माझा पालकांना पहिला सल्ला निघतो, आणि तो अगदी कारकुनी आहे. महाविद्यालयाचे माहितीपत्रक वाचण्यापूर्वी दोन-चार पदांचे सेवाप्रवेश नियम वाचा. लोकसेवा आयोगाच्या जाहिराती वाचा. त्यांत कोणत्या पदवीचे नाव छापले आहे, ते शब्दशः पाहा. कित्येक संस्था आपल्या अभ्यासक्रमांना मोठी आकर्षक नावे देतात. तीन-तीन विषयांची नावे एका पदवीत गुंफतात. विद्यार्थी पास होतो, अर्ज करतो, आणि छाननी करणारा लिपिक नियमातील शब्द आणि प्रमाणपत्रातील शब्द समोरासमोर ठेवून पाहतो. ते जुळत नाहीत. 'समकक्ष' ह्या एका शब्दावर वर्षानुवर्षे पत्रव्यवहार चाललेला मी पाहिला आहे. त्यात उमेदवाराची वयोमर्यादा उलटून जाते. त्या लिपिकाचा दोष नसतो. पदवी कोणी द्यावी हे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६ च्या कायद्याने ठरवलेले आहे, आणि पदव्यांची मान्य नावे आयोगाने २०१४ साली राजपत्रात प्रसिद्ध केली. प्रवेशाआधी तेवढे ताडून पाहण्यास एक संध्याकाळ पुरते.

कामाची पदवी म्हणजे नेमके काय काम, हे सांगितल्यावाचून हे बोलणे कोरडे राहील. दुधाचे घ्या. शेतकरी पहाटे दूध घालतो, त्याचा भाव स्निग्धांशावर ठरतो. तो स्निग्धांश काढण्याची जुनी आणि अजूनही आधारभूत मानली जाणारी रीत गर्बर ह्या स्विस रसायनज्ञाची. एका विशिष्ट काचनळीत दहा मिलिलिटर गंधकाम्ल घ्यावयाचे, त्यावर १०.७५ मिलिलिटर दूध अलगद सोडावयाचे, असे की दोन्ही थर मिसळू नयेत. मग एक मिलिलिटर अमाइल अल्कोहोल. बूच लावून नळी हलवली की आम्ल प्रथिने विरघळवते, नळी हातात सोसवत नाही इतकी तापते. ती यंत्रात फिरवून, ६५ अंशांच्या पाण्यात ठेवून, स्निग्धाचा पिवळसर स्तंभ मोजपट्टीवर वाचावयाचा. दूध पावणेअकरा ऐवजी साडेदहा गेले तर आकडा खाली येतो, आणि तो आकडा म्हणजे एका घराचे पैसे असतात. आता केंद्रांवर विजेची यंत्रे आली आहेत, क्षणात आकडा दाखवतात. पण यंत्र खरे बोलते की नाही हे कशाशी ताडावयाचे? पुन्हा त्या नळीशी. ह्या कामाला असामान्य बुद्धी लागत नाही. शंभरावा नमुना पहिल्याइतक्याच काळजीने घेणारा माणूस लागतो, आणि असा माणूस पहिल्या क्रमांकाच्या मुलांत अधिक सापडतो, असा माझा अनुभव नाही.

रुग्णालयाच्या प्रयोगशाळेतही हेच. रक्त काढताना किंवा हाताळताना तांबड्या पेशी फुटल्या तर पोटॅशियमचा आकडा खोटाच वाढून येतो, आणि डॉक्टर त्या आकड्यावर औषध ठरवतो. नमुना पाहून "हा परत घ्यावा लागेल" असे म्हणणारा तंत्रज्ञ रुग्णाचे काय वाचवतो, हे रुग्णाला कधीच कळत नाही. ह्या क्षेत्राला दीर्घकाळ देशपातळीवर एकसूत्री कायदा नव्हता. कोणीही वर्ग काढावा आणि प्रमाणपत्र वाटावे. २०२१ साली संसदेने संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. प्रयोगशाळा, क्ष-किरण, नेत्रपरीक्षण, भौतिकोपचार असे अनेक व्यवसाय त्याच्या कक्षेत आले, आणि शिक्षणाचे किमान तासही त्यात घातले गेले. तंत्रज्ञासाठी दोन हजार, पूर्ण व्यावसायिकासाठी तीन हजार सहाशे. प्रवेश घेताना संस्थेला हे तास विचारावेत. उत्तर देताना जो अडखळेल, त्याच्या संस्थेपासून दूर राहावे.

शेतकीविषयी महाराष्ट्रातील श्रोत्यांना फार सांगावयास नको. राहुरी, अकोला, परभणी, दापोली ही चार विद्यापीठे आहेत. शेवटच्या वर्षी विद्यार्थ्याला खेड्यात राहून शेतकऱ्याच्या बांधावर काम करावे लागते. खंत एकच, की ही पदवी घेऊन मुले बांधावर न जाता स्पर्धापरीक्षेच्या अभ्यासिकेत जातात. (माझ्या काही सहकाऱ्यांना हे वाक्य आवडणार नाही, ते स्वतः त्याच वाटेने आले.) मत्स्यशास्त्रासाठी रत्नागिरीजवळ शिरगावला महाविद्यालय आहे, दुग्धतंत्रज्ञानासाठी उदगीर आणि पुसदजवळचे वरूड, महाराष्ट्राबाहेर कर्नालची राष्ट्रीय संस्था, जिचा आरंभ १९२३ साली बंगळूरला झाला. पदवीचे नाव तेथे बी.टेक. असते, त्याने बिचकू नये. तसेच त्या नावाला भुलूही नये.

संख्याशास्त्राला प्रयोगशाळा नसते, तरी ते मी कामाच्या विषयांत धरतो. सरकारच्या सांख्यिकी सेवेची स्वतंत्र परीक्षा केंद्रीय लोकसेवा आयोग घेतो. मात्र गणिताशी ज्याचे वैर आहे त्याने तिकडे फिरकू नये. भूगर्भशास्त्र तसे शुद्ध विज्ञानात मोडते. पण दख्खनच्या काळ्या पाषाणात पाणी कोणत्या थरात मुरते आणि कोणत्या थरावरून वाहून जाते, हे सांगू शकणाऱ्याचा उपयोग दर उन्हाळ्यात गावोगाव दिसतो.

ज्यांनी आधीच रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. केले आहे, त्यांनी हे ऐकून हताश होऊ नये. कानपूरची राष्ट्रीय शर्करा संस्था, जी १९३६ साली स्थापन झाली, विज्ञानाच्या पदवीधरांना साखर-तंत्रज्ञानाची पदव्युत्तर पदविका देते, आणि मांजरीची वसंतदादा साखर संस्था पुण्याच्या उंबरठ्यावर आहे. रस, पाक, मळी ह्यांची तपासणी करणारा रसायनज्ञ प्रत्येक साखर कारखान्याला गळिताच्या हंगामात रात्रंदिवस लागतो. चौकातूनही एखादे दार निघते, ते असे.

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी श्रोत्यांना एक गोष्ट वेगळी सांगावयाची आहे. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद येथील मराठी कुटुंबांना पुष्कळदा वाटते की, आपण मराठी, म्हणून महाराष्ट्रातील जागांवर आपला काही हक्क असेल. प्रवेशाच्या नियमांत मातृभाषा पाहत नाहीत, अधिवास आणि शाळा कोठली ते पाहतात. तेव्हा प्रथम आपल्या राज्याच्या कृषी आणि पशुवैद्यक विद्यापीठांकडे पाहावे. कृषी विद्यापीठांतील काही जागा अखिल भारतीय पातळीवर भरल्या जातात. २०२३ पासून त्यांचे प्रवेश केंद्रीय सामायिक परीक्षेतून होऊ लागले. भाषेचीही एक गंमत आहे. मराठीत आपण ज्याला द्रावण म्हणतो त्याला हिंदी पाठ्यपुस्तकात विलयन म्हणतात, बडोद्याच्या गुजराती शाळेत मात्र ते द्रावणच राहते. पदवीला गेल्यावर ह्या सर्वांचे सोल्यूशन होते. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाचे पहिले सहा महिने ह्या नामांतरात जातात, आणि तो स्वतःला उगीच मंद समजू लागतो. त्या सहा महिन्यांत घरच्यांनी गुण विचारू नयेत.

संस्था पाहावयास जाल तेव्हा प्राचार्यांच्या दालनात कमी वेळ बसा. तिसऱ्या वर्षाच्या मुलांना गाठा. प्रयोगशाळेतील परिचराला विचारा की, ह्या वर्षी किती ब्युरेट फुटल्या. एकही फुटली नाही असे तो अभिमानाने म्हणाला तर समजावे की, कोणी त्या कपाटातून काढल्याच नाहीत. माझ्या नात्यातील एका मुलीने भारी शुल्क भरून एका संस्थेत सूक्ष्मजीवशास्त्र घेतले. सूक्ष्मदर्शके नवी कोरी होती, कारण त्या खोलीची किल्ली वर्षातून दोनदा, तपासणीच्या आणि परीक्षेच्या दिवशी, निघत असे. तिने पदवी मिळवली. नंतर एका खासगी प्रयोगशाळेत नाममात्र वेतनावर राहून, काचपट्टीवर रंग कसा चढवावा हे पुन्हा पहिल्यापासून शिकली. ते वर्ष आणि ते शुल्क तिला कोणी परत दिले नाही.

शेजारच्या मुलाकडे वळतो. त्याची गुणपत्रिका मी पाहिली, तेव्हा रसायनशास्त्रात प्रात्यक्षिकाचे तीसपैकी अठ्ठावीस आणि लेखीचे सत्तरपैकी चौतीस होते. अठ्ठावीसचा मी फारसा विचार केला नाही. प्रात्यक्षिकाचे गुण आपल्याकडे सढळ हाताने दिले जातात. म्हणून त्याला विचारले, "परीक्षेत प्रयोग कोणता आला होता?"

"अनुमापन, काका. पण माझ्या पिपेटचे टोक तुटलेले होते."

"मग?"

"सर म्हणाले, तीच घे. मग मी आधी नुसत्या पाण्याने चारदा माप घेऊन पाहिले, किती जास्त पडते ते. तेवढे वजा केले. म्हणून वेळ गेला, शेवटचे वाचन राहिले."

वडील म्हणाले, "बघा, वेळ गेला." मी म्हटले, "तो वेळ गेला म्हणूनच ह्याला ह्या बाजूला पाठवा."

त्यांना ते पटले असे मी म्हणणार नाही. दुग्धतंत्रज्ञान घेतलेल्या मुलाला लोक काय म्हणतील, ही त्यांची शंका होती. दूधवाला म्हणतील, असे त्यांच्या मनात होते, ते त्यांच्या पत्नीने उघड बोलून टाकले आणि स्वतःच हसल्या. शेवटी पसंतीक्रम भरला तो असा: पहिले दुग्धतंत्रज्ञान, दुसरी वैद्यकीय प्रयोगशाळेची पदवी, आणि तिसरे, वडिलांच्या समाधानासाठी, शहरातल्या महाविद्यालयातले रसायनशास्त्र. सामायिक परीक्षेतही त्याचे गुण बेताचेच आहेत, तेव्हा पहिली पसंती मिळेलच असे सांगता येत नाही. यादी अद्याप लागावयाची आहे. तोवर तो रोज पहाटे सायकलीवरून जवळच्या दूध संकलन केंद्रावर जातो आणि कोपऱ्यात उभा राहून नळ्या पाहतो. केंद्रचालकाने त्याला नळ्या धुण्याचे काम दिले आहे. आम्लाच्या बाटलीला मात्र अजून हात लावू दिलेला नाही.